मुळशीत डोंगरउतारावर जमीन घेतली, घर बांधायच्या आधी जागा तयार कशी करायची?

रानवाट_कोथरूड:

नमस्कार मंडळी. आम्ही कोथरूडला राहतो. नवऱ्याचं मूळ गाव साताऱ्याकडं, शेतकरी दाखला होता म्हणून यंदा मुळशी तालुक्यात पौडच्या पुढं, ताम्हिणीच्या अंगाला ४२ गुंठे घेतले. खरेदीखत झालं, फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर नावं पण लागली. जागा सगळी उताराची आहे, वरच्या अंगाला कारवी आणि घाणेरीचं रान, मधे जुनी भाताची खाचरं आहेत ज्यांच्या दगडी ताली (बांध) निम्म्या ढासळल्यात, खाली एक ओहोळ आहे तो आत्ता कोरडा ठणठणीत, आणि एका कोपऱ्यात आंबा, ऐन, हिरडा अशी जुनी झाडं.

आम्हाला तिथं मोठा बंगला नकोय. दोन खोल्या, पडवी, सैपाकघर, बास. सासू-सासरे वर्षातला बराच काळ तिथंच राहणार म्हणतात म्हणून सगळं नीट करायचंय. आता गावातला जेसीबीवाला म्हणतो की ताई पावसाळ्याच्या आत सगळं सपाट करून देतो, वरची माती खाली ओढली की मस्त पटांगण होईल आणि घर पुढच्या कडेला घ्या म्हणजे धरणाचं पाणी दिसेल. नवरा म्हणतो अक्षय्य तृतीयेला भूमिपूजन करू आणि लगेच कामाला लागू. मला मात्र धाकधूक वाटतीये. ज्यांनी डोंगरात बांधलंय त्यांनी सांगा, पहिल्यांदा काय करायचं, सपाटीकरण आत्ता करावं का, आणि कागदाचं अजून काही राहिलं असेल का?

पौडकर_काका:

ताई, तुमची धाकधूक बरोबर आहे. एप्रिल-मेमध्ये डोंगर उकरायचा आणि जूनमध्ये त्याच्यावर पाऊस घ्यायचा, याच्याइतकं वाईट काही नाही. ओढलेली माती मोकळी असते, तिला बसायला वेळ मिळत नाही, आणि तुमच्याकडचा पाऊस म्हणजे पुण्यातला पाऊस नव्हे. पुणे शहरात अख्ख्या वर्षात सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो. ताम्हिणीत २५ जुलै २०२४ ला एका दिवसात पाचशेच्या वर पडला होता. तुम्ही घाटाच्या अलीकडं आहात, तेवढा पडणार नाही, पण त्याच्या निम्मा जरी एका रात्रीत आला तरी ते पटांगण सकाळी खालच्या माणसाच्या खाचरात सापडेल आणि मग त्याचं भात गाडलं गेलं म्हणून पहिल्याच वर्षी गावात वैर.

माझं म्हणणं एवढंच की यंदाचा पावसाळा जागेला हात लावू नका, फक्त बघा. जुलैमध्ये मुसळधार लागली असेल तेव्हा मुद्दाम जा. वरून पाणी कुठून आत येतं, कुठं पसरतं, कुठून खाली उतरतं, सगळं दिसतं. तिथं तिथं बांबूच्या खुंट्या मारा आणि त्यांना लाल ऑइलपेंट लावा, फक्की टिकत नाही. सप्टेंबरात परत जा, पाऊस उघडल्यावर पण कुठली जमीन पायाखाली दबते, कुठं पाझर चालू आहे ते बघा. जिथं पाझर राहतो तिथं घराचं जोतं घ्यायचं नाही, नाहीतर भिंती जन्मभर ओल धरतात. आणि तो ठणठणीत ओहोळ आषाढात ओळखू येणार नाही. त्याच्या काठाच्या झाडांवर पालापाचोळा किती उंचीवर अडकलाय ते आत्ताच बघून ठेवा, पाणी तिथपर्यंत चढलेलं असतं.

शेजारी गुरं राखणारा कोणी म्हातारा माणूस असेल तर त्याच्याबरोबर एक चक्कर मारा, चहा-तंबाखू होऊ दे. कुठला तुकडा कधी घसरला होता, गुरांची वाट कुठून जाते, हे त्याला तोंडपाठ असतं. रानात शेंदूर लावलेला दगड दिसला, म्हसोबा म्हणा वाघजाई म्हणा, तर तो हलवायचा नाही. गावाला विचारून त्याच्याभोवती चार हात जागा सोडायची.

सातबारा_वाचक:

काकांचं पाण्याचं म्हणणं योग्यच आहे, तेवढ्यात कागद पूर्ण करून घ्या म्हणजे पावसाळा वाया जाणार नाही. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे हद्द मिळाली असं नाही. भूमी अभिलेखकडं मोजणीचा अर्ज टाका, आणि तुम्ही गटातला तुकडा घेतला असेल तर पोटहिस्स्याची मोजणी आहे का ते आधी तपासा. मोजणीनंतर क-प्रत (हद्द दाखवणारा मोजणीचा नकाशा) मिळते, ती जपून ठेवा आणि त्याच दिवशी हद्दीचे दगड रोवून घ्या, फोटो काढा.

तुमच्या बाबतीत मोजणी जास्तच महत्त्वाची आहे, कारण ४२ गुंठे म्हणजे साधारण ४२ आर, अगदी काठावर. बिनशेती न करता शेतघर बांधायचं तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४१ प्रमाणे किमान ०.४ हेक्टर म्हणजे ४० आर धारण क्षेत्र लागतं, आणि ०.४ ते ०.६ हेक्टरपर्यंत जोत्याचं क्षेत्र १५० चौरस मीटरच्या वर जाता येत नाही. १५० चौरस मीटर म्हणजे साधारण सोळाशे चौरस फूट, तुमच्या दोन खोल्या आणि पडवीला भरपूर झालं. पण मोजणीत जागेवर ३९ आर भरले तर तिथंच अडकाल. म्हणून मोजणी आधी, आर्किटेक्ट नंतर.

दुसरं, मुळशी तालुका पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) हद्दीत येतो, तिथून झोन दाखला घ्या. तुमचा गट शेती झोनमध्ये आहे का डोंगरमाथा-डोंगरउतारात, हे त्याच्यावर कळेल. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत १:५ किंवा त्यापेक्षा तीव्र उतारावर बांधकामच काय, खोदून किंवा भराव टाकून सपाट करायलाही मनाई आहे. १:५ म्हणजे पाच फूट आडवं गेल्यावर एक फूट चढ, डोळ्याला हा उतार फार वाटत नाही, त्यामुळं लोक फसतात. आणि पश्चिम घाट इको-सेन्सिटिव्ह (पर्यावरणदृष्ट्या नाजूक) क्षेत्राच्या ३१ जुलै २०२४ च्या मसुद्यात तुमचं गाव आहे का बघून ठेवा. त्याच्यात एकट्या-दुकट्या घराला बंदी नाही, पण माहीत असलेलं बरं.

सातबाऱ्याचा इतर हक्काचा रकाना नीट वाचा. वन, पुनर्वसन, कूळ, देवस्थान इनाम असा कुठलाही शब्द असेल किंवा भोगवटादार वर्ग २ लिहिलं असेल तर आधी वकील गाठा. झाडांचं पण तसंच. आंबा, ऐन, हिरडा, जांभूळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, आपल्या मालकीच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. जेसीबीवाल्याला हे बजावून सांगा, तो एका धक्क्यात पाडतो आणि नोटीस तुमच्या नावानं येते. बाहेरून मुरूम आणला तर रॉयल्टीची पावती मागा.

सिव्हिल_सिंहगडरोड:

मी इंजिनियर आहे, डोंगरातली घरं बरीच केलीत. पावसाळाभर थांबा या मताशी मी पूर्ण सहमत नाही, थांबून फक्त बघत बसू नका एवढंच म्हणतो. आत्ता मे महिन्यात दोन कामं होतात जी पावसात होत नाहीत. एक, टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) लावून काँटूर सर्व्हे, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषांचा नकाशा, अर्धा मीटर अंतरानं. त्याच्यावर पाण्याच्या वाटा बऱ्याचशा कळतात आणि १:५ चा प्रश्नही कागदावर सुटतो. दोन, जिथं घर घ्यायचं मनात आहे तिथं दोन-तीन चाचणी खड्डे, सहा-सात फूट खोल. आपल्याकडं वर लाल माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (कच्चा खडक) आणि खाली काळा पाषाण असा क्रम बहुतेक असतो, पण उतारावर दहा पावलांवर बदलतो. कुठं चार फुटांत कठीण मुरूम लागतो, कुठं दहा फूट नुसती वरून वाहून आलेली माती. मधे कुठं तांबडा गेरूसारखा थर दिसला तर फोटो काढून इंजिनियरला दाखवाच, पाणी त्याच्यातून खाली मुरत नाही, वरच्या वर आडवं झिरपतं आणि तिथून उतार सुटतो. खड्डे बघून झाले की पावसाच्या आत बुजवा, गुरं पडतात.

आता जागा. दरीच्या कडेला घर नको. व्ह्यू चांगला असतो म्हणून सगळ्यांना तिथंच पाहिजे असतं, आणि जेसीबीवाला जी माती ओढणार ती नेमकी तिथंच पडणार, म्हणजे तुमचं घर भरावावर. डोंगरात घर नेहमी कापलेल्या, मूळच्या जमिनीवर घ्यायचं, भरावावर फार तर अंगण किंवा गाडी. भराव टाकायचाच तर आठ-नऊ इंचाचे थर देत, पाणी मारत, रोलर फिरवत. एकदम सगळा ढीग सारून वरून जेसीबी फिरवला म्हणजे दबाई झाली असं होत नाही.

मधली खाचरं सपाट आहेत म्हणून मोह होतो. पण खाचर बनवलंच होतं पाणी धरायला, वर्षानुवर्षं चिखलणी करून खालची माती घट्ट झालेली असते, पाणी मुरत नाही. तिथं घ्यायचं असेल तर ती सगळी माती मुरूम लागेपर्यंत काढा, आणि ती फेकू नका, बाजूला ढीग करून झाका, बागेला सोनं आहे. वरच्या अंगाला, घरापासून बारा-पंधरा फूट सोडून, एक चर घ्या दगडी पिचिंगची (आतून दगड बसवलेली), जी वरून येणारं पाणी अडवून बाजूनं ओहोळात सोडेल. पहिलं काम हे, जोतं त्याच्यानंतर. कापलेली दरड सरळ उभी ठेवायची नाही, पायऱ्या-पायऱ्यांनी मागं न्यायची. रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत) बांधली तर मागं खडीचा थर आणि भिंतीत पाणी निघायला पाइप पाहिजेतच. नुसती काँक्रीटची भिंत मागं पाणी साठून फुगते आणि पडते. जुन्या दगडी ताली दुरुस्त होत असतील तर त्याच करून घ्या, गावात अजून सुकी ताल रचणारे हात आहेत, त्या तालीतून पाणी आपोआप निघून जातं.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. ३० जुलै २०१४ ला आपल्याच जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यात माळीण गेलं, १५१ माणसं. तेव्हापासून मी कुठल्याही साइटवर पहिल्यांदा वरचा डोंगर बघतो, आपली जागा नंतर. झाडांचे बुंधे खालून वाकलेत का, उतारावर आडवी भेग आहे का, तालीचं पोट पुढं आलंय का, जिथं कधी पाणी नव्हतं तिथं पाझर फुटलाय का. यातलं काही दिसलं तर त्या उताराच्या खाली घर नाही म्हणजे नाही, जमीन कितीही आवडलेली असो.

रानवाट_कोथरूड:

सगळ्यांचे मनापासून आभार. घरात सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, सासऱ्यांनीच जेसीबीला नको म्हणून फोन केला. मोजणीचा अर्ज या आठवड्यात टाकतोय. आता दोन शंका. पाण्याचं काय करायचं, बोअर आत्ताच मारून घ्यावी का? आणि गाडी आत्ता शेजाऱ्याच्या शेतातून जाते, तो काही बोलत नाही, पण कागदावर रस्ता नाहीये. घाणेरी जाळून टाका असं पण एकानं सुचवलंय.

कारवी_फुलोरा:

मी डोंगरातच राहते, भोर तालुक्यात, म्हणून बाई म्हणून सांगते, पाणी आणि रस्ता या दोन गोष्टी झाल्याशिवाय एक वीटसुद्धा नेऊ नका. बांधकामालाच इतकं पाणी लागतं की टँकरवर खर्च जातो आणि टँकर चढाला चढतही नाही. बोअरची घाई नको. काळ्या पाषाणात पाणी फटींमधूनच असतं, शेजाऱ्याला लागलं म्हणून तुम्हाला लागेल असं नाही. आत्ता वैशाखात आसपास कुठला झरा, कुठली विहीर चालू आहे ते बघा, आत्ता जे टिकलंय तेच तुमचं उन्हाळ्यातलं पाणी. पण झरा गावाच्या पाणवठ्याचा असेल तर त्याला पाइप लावू नका, बायका डोक्यावरून पाणी नेत असतात. छपराचं पाणी साठवायची टाकी आराखड्यातच धरा. १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे १००० लिटर, तुमच्याकडं तर चार महिने तो मोजायलाच नको. संडासाचा शोषखड्डा झऱ्या-विहिरीपासून साठ फूट लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला.

रस्त्याचं तोंडी ठेवू नका. शेजारी आज चांगला आहे, उद्या त्यानं विकली तर नवा मालक तार ओढतो. त्याला मोबदला देऊन रस्त्याच्या हक्काचा नोंदणीकृत दस्त करा. तो तयार नसेल तर कलम १४३ खाली तहसीलदारांकडं बांधावरून रस्ता मागता येतो, पण गोडीत होतंय तर गोडीत करा. रुंदी ठरवताना सिमेंटचा ट्रक वळेल एवढी धरा.

घाणेरी जाळायची नाही. वाऱ्यावर वणवा गेला तर वरचं सगळं रान जाईल आणि उघडा पडलेला उतार पहिल्या पावसात खाली येईल. जिथं घर आणि वाट येणार तेवढीच कोयत्यानं तोडा, मुळासकट काढायची ती तुकड्या-तुकड्यानं, आणि लगेच तिथं बांबू, वाळा, करंज असं काहीतरी लावा. कारवीला तर हात लावू नका, उतार तिनं धरून ठेवलाय. पाऊस संपला, गवत वाळलं की हद्दीनं दहा-बारा फुटांचा पट्टा गवत काढून जाळरेषा घ्या, दर वर्षी. तोडायला येणाऱ्या गड्यांना गमबूट आणि लांब काठी द्या, ढासळलेल्या तालीत फुरसं (विषारी साप) असतं, आणि दगड उचलताना गडी आधी हातच घालतात.

सासूबाईंच्या गुडघ्यांचा पण आत्ताच विचार करा, गाडी थांबते तिथून दारापर्यंत पायऱ्या नकोत, नागमोडी वाट आखा. आणि घराचं तोंड ठरवताना झड कुठल्या बाजूनं येते ते जुलैत बघा, पश्चिमेला पडवी खोल घ्या नाहीतर चार महिने दार उघडता येत नाही.

सातबारा_वाचक:

मोजणीचं एक राहिलं. लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस जाते, पण वरच्या डोंगराकडचे खातेदार मुंबईला असतात आणि पत्ते जुने असतात. त्यांना नोटीस पोचली नाही तर पुढं हद्दीवर हरकत घेतात. अर्ज टाकला की पोलीस पाटलांना भेटा, त्यांच्याकडं सगळ्यांचे फोन असतात, स्वतः फोन करून तारीख सांगा आणि जमलं तर त्या दिवशी बोलवा. शक्यतो पावसाच्या आतली तारीख मागा, एकदा रान वाढलं की जुने बांध दिसत नाहीत.