मोठ्याआईच्या विमानाले गाणं कोणतं?

ग्रुप : वाडा परिवार, दर्यापूर

पिंटूदादा : सर्वांना नमस्कार. मोठेबाबा अन् मोठीआई अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून विमानानं मुंबईले चालले. तिकिटं झाली. मी व्हिडीओ बनवून रायलो, त्याले गाणं सांगा. विमानाचंच पायजे. आज रात्रीच सांगा, उद्या कापसाची गाडी भरायची आहे.

सुषमाआत्या : बेलोऱ्यावरून? नागपूरले जायचं काम नाही?

पिंटूदादा : नाही आत्या. १६ एप्रिल २०२५ ला अमरावती-मुंबई सुरू झालं ना. एटीआर आहे, पंख्याचं विमान. सत्तरेक सीटचं.

मंदावैनी : अय्या, मस्त! मोठीआई, नवी साडी घाला.

चिऊ (पुणे) : पिंटूदादा, "पंख होते तो उड आती रे" घे. सेहरा, १९६३. लताबाई.

मंदावैनी : ते विरहाचं आहे. मोठेबाबा तर बाजूच्याच सीटवर राहतीन.

पिंटूदादा : "चल उड जा रे पंछी"?

सुषमाआत्या : काहीही काय! बँडवाले ते कधी वाजवतात माहीत आहे ना? डिलीट कर तो मेसेज.

पिंटूदादा : डिलीट नाही होत आत्या, तुम्ही त्यालेच रिप्लाय देल्ला.

बबनकाका : पोराचं चुकलं नाही. भाभी सिनेमा, १९५७. रफी, संगीत चित्रगुप्त, गीतकार राजेंद्र कृष्ण. अन् त्याच सिनेमात "चली चली रे पतंग" आहे. एकाच सिनेमात पक्षी झाला, पतंग झाला. विमान मात्र नाही. तेव्हा तर विमानं उडत होती.

पिंटूदादा : मग "आसमान से आया फरिश्ता" लावतो. शम्मी कपूर हेलिकॉप्टरले लटकते.

बबनकाका : अॅन इव्हिनिंग इन पॅरिस, १९६७.

सुषमाआत्या : हेलिकॉप्टर नको. आपल्याकडं हेलिकॉप्टर फक्त निवडणुकीत येते. मागच्या सभेच्या वेळी माह्या वाळू घातलेल्या कुरडया पूर्ण मातीत गेल्या. फरिश्ता कायचा, उमेदवार होता.

चिऊ (पुणे) : हाहाहा. मग इंग्रजी चालेल का? जॉन डेन्व्हरचं "लीव्हिंग ऑन अ जेट प्लेन". १९६६ मध्ये लिहिलं त्यानं. १९६९ च्या शेवटी पीटर, पॉल अँड मेरी या तिघांनी म्हटलेलं अमेरिकेत एक नंबरला गेलं. निघणाऱ्या माणसाचं गाणं आहे, फार गोड.

मंदावैनी : हा कोण? अजून गाते का?

चिऊ (पुणे) : नाही, १९९७ ला गेला. स्वतःच लहान विमान उडवत होता, ते समुद्रात पडलं. इंधनाची टाकी बदलायचा खटका डाव्या खांद्याच्या मागे होता, तिथं हात पुरत नव्हता...

मंदावैनी : चिऊ!! मोठीआई ग्रुपवर आहे!

चिऊ (पुणे) : सॉरी सॉरी. मग इटलीचं "व्होलारे". डोमेनिको मोदुग्नो, १९५८. ग्रॅमीचे पुरस्कार १९५९ ला पहिल्यांदा दिले, त्यात हे पहिलं आलं.

पिंटूदादा : त्यात विमान आहे का पण?

चिऊ (पुणे) : नाही रे. त्याला स्वप्न पडतं, तो हात-तोंड निळं रंगवतो अन् वारा त्याला उचलून नेतो.

पिंटूदादा : म्हणजे त्याच्याकडंही नाही. जमलं.

मोठेबाबा : मी सगळं वाचून रायलो. शाळेत दहावीच्या पोरायले निरोप देतात तवा लावतात ते लावा. आकाशी झेप.

चिऊ (पुणे) : "आकाशी झेप घे रे पाखरा"! "आराम हराम आहे" सिनेमातलं. खेबुडकरांचं गाणं, चाल अन् आवाज सुधीर फडक्यांचा. पण मोठेबाबा, तिथंही पाखरूच आहे.

मोठेबाबा : मंग राहू दे. मी या वयात पाखरू दिसतो का?

बबनकाका : आता मी जरा लांब लिहितो, कंटाळा आला तर पुढं सरका. मी आरएमएसमध्ये, मंजे रेल्वेच्या टपाल सेवेत, सॉर्टिंग केलं, तेव्हाचे सीनियर सांगायचे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तिचं मधलं ठिकाण नागपूर. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही बाजूंची विमानं अर्ध्या रात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरायची, आपसात टपालाच्या थैल्या बदलायची अन् उजाडायच्या आत परत. मंजे अख्ख्या देशाची पत्रं विदर्भातून फिरली. त्याचं एक तरी गाणं ऐकलं का? पोस्टमनची गाणी आहेत, पत्राची आहेत. कारण पोस्टमन दारात येतो, विमान नाही येत. माणूस ज्यात बसते त्याचं गाणं होते. आपली शकुंतला रेल्वे मूर्तिजापूरवरून किती हळू चालायची, तरी लग्नातल्या बायका तिच्यावर गाणी जोडायच्या. विमान आपण अंगणातून पाहिलं, पोरं हात हलवत धावली, संपलं.

सुषमाआत्या : काका बरोबर बोलले. अन् रेल्वेले फलाट असते. खिडकीतून हात, रुमाल, शिदोरी, गाडी हलली की रडणं. विमानतळावर काय? दारातच तो बंदूकवाला आपल्याले थांबवते, जाणारा आत गेला की दिसतही नाही. रडायलेच जागा नाही, मंग गाणं कुठून येईन.

चिऊ (पुणे) : आत्या, भारी! आता लक्षात आलं. त्या डेन्व्हरच्या गाण्यातही विमान नुसतं नावाला आहे. बॅगा भरल्यात, तो दाराशी उभा आहे, टॅक्सीवाला हॉर्न वाजवतोय. सगळं दारातच होतं. विमान उडायच्या आत गाणं संपतं.

मंदावैनी : त्याचं नाव नको घेऊ.

पिंटूदादा : लोकहो, गाणं! माह्या फोनची बॅटरी बारा टक्के आहे अन् इथं लाईट गेली.

मोठीआई (व्हॉइस मेसेज, चिऊनं लिहून काढला) : आरे पिंट्या, इतकं काय शोधून रायला? विमानाचं गाणं आपल्याकडं कवाचंच आहे. "आम्ही जातो आमुच्या गावा, आमचा रामराम घ्यावा." तुकोबा कायमधून गेले? विमानातून ना? ते लाव.

मंदावैनी : मोठीआई नाही!! ते मयतीत म्हणतात!

सुषमाआत्या : देवा.

बबनकाका : बोलली मात्र खरं. प्रभातचा संत तुकाराम आठवा, १९३६ चा. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाहवा झाली. शेवटी विमान येते अन् तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस त्यात बसून जातात. गावोगावच्या टुरिंग टॉकीजमध्ये लोकांनी पहिलं विमान तेच आतून पाहिलं असन. अन् चिऊ, तुह्या हिशोबातही हे बसते. तुकोबा गाणं आकाशातून नाही म्हणत. जमिनीवर उभं राहून, गाववाल्यांना रामराम करून म्हणतात.

मोठेबाबा : बबन, आम्ही चार दिवसांसाठी चाललो. वैकुंठाले नाही.

मोठीआई (व्हॉइस मेसेज) : तुकोबानं जिजाईले चाल म्हटलं होतं, तिनं मागचं घर, लेकरं पायली अन् राहिली. मी नाही राहत बापा. म्हैस पिंट्या पाहीन. अन् खिडकी मले पायजे, यायले पेपर वाचाले खिडकी कायले लागते?

मंदावैनी : आता आलं लक्षात! "पंछी बनूँ उडती फिरूँ मस्त गगन में" लावा. चोरी चोरी. नर्गिस बापाच्या घरून पळालेली असते अन् मोकळ्या रानात म्हणते. मोठीआईले तेच शोभते.

बबनकाका : १९५६. हसरत जयपुरी, शंकर-जयकिशन. विमान नाही, पण माझी हरकत नाही.

मोठेबाबा : अन् मी कुठं आहो यात?

सुषमाआत्या : दादा, तुम्ही बॅगा घेऊन मागून चाला.

पिंटूदादा : फायनल, पंछी बनूँ. मोठेबाबाले शेवटी पाच सेकंद आकाशी झेप देतो. मोठीआई, खिडकीची सीट घेतो, पण पंखाजवळची नाही, तिथून खाली काही दिसत नाही. दोघांचेही आधारकार्डाचे फोटो आत्ताच टाका. ग्रुपवर नको, मले पर्सनलवर.