गुलाबी दाणे भाजण्याआधी

एकाने विचारलंय, विमानाच्या कॉम्प्रेसरची हवा कोरडी करणाऱ्या फिल्टरमधली सिलिका जेल (ओल शोषणारे निळे दाणे) ओल पिऊन गुलाबी झाली, तर भाजून परत वापरावी का? साधारण १२० अंशांवर ती पुन्हा निळी होते खरी. पण आधी हातमोजा घालून दाणा चोळून बघा (निळ्यात कोबाल्ट क्लोराइड हे घातक रसायन असतं, स्वयंपाकाचा ओव्हन नकोच). पिवळट, तेलकट लागला तर फेका. कॉम्प्रेसरचं तेल भाजून जात नाही. मॉलिक्युलर सीव्हला (ओल शोषणारे दुसऱ्या प्रकारचे दाणे) २०० च्या वर तापमान लागतं. दाण्यांवर थेट पाणी आलं तर सिलिका जेल तडकते आणि भुकटी व्हॉल्व्हमध्ये जाते, म्हणून सेपरेटर (हवेतलं पाणी आधीच वेगळं करणारा भाग) रोज निथळा. कुठला माल भरायचा ते विमानाचं मॅन्युअल ठरवतं, दुकानदार नाही. आणि मुंबईच्या जुलैत डबा उघडा टाकून चहाला जाऊ नका. मी गेलो होतो, परत आलो तर वरचा थर गुलाबी!