मदत हवी आहे: दरवाज्यात पाणी खळखळतंय, काच अर्ध्यावर अडकते

जांबोटी_रोड
दरवाजा उघडला-लावला की आत पाणी खळखळतंय. काच अर्ध्यावर थांबते, पाच-दहा मिनिटांनी परत चालते. खाली कार्पेटही ओलं. गॅरेजवाला म्हणतो मोटर बदला. मला मोटर बदलायची नाही, पाणी आत जायचं बंद करायचंय. काचेच्या बाहेरच्या रबराला सिलिकॉन मारून फट बंद केली तर चालेल काय? शनिवारी चोर्ला घाटातून गोव्याला जायचंय, लवकर सांगा.

उद्यमबागवाला
कुठली गाडी, किती सालची, कुठला दरवाजा? पाऊस नसताना पण काच अडकते काय?

जांबोटी_रोड
२०१६ची हॅचबॅक. ड्रायव्हरचा दरवाजा. दरवाजे सगळे सारखेच की ओ, त्याने काय फरक पडतो? सिलिकॉनचं सांगा.

उद्यमबागवाला
फरक पडतो. ड्रायव्हरच्या दरवाज्यात सगळ्या काचांचा मास्टर स्विच असतो, तिथं पाणी गेलं तर चारही काचा बंद पडू शकतात.

सिलिकॉन मारू नका. काच वर-खाली व्हायला फट लागतेच, आणि त्या फटीतून पावसाचं पाणी आत जाणारच. बाहेरचं रबर नुसतं पुसायचं काम करतं. आत गेलेलं पाणी काचेवरून खाली उतरतं आणि दरवाज्याच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं, तशीच रचना आहे. डोअर पॅडच्या, म्हणजे दरवाज्याच्या आतल्या कव्हरच्या, मागं पत्र्यावर एक प्लास्टिक शीट चिकटवलेलं असतं, ते पाण्याला केबिनमध्ये येऊ देत नाही.

म्हणजे तुमची दुखणी दोन आहेत. खळखळ म्हणजे भोकं तुंबलीत. कार्पेट ओलं म्हणजे शीट फाटलंय, नाहीतर सुटलंय.

टिळकवाडी_ऑडिओ
डोअर व्हायझर बसवा, पाणीच येणार नाही.

उद्यमबागवाला
व्हायझर काचेच्या वरच्या कडेला असतो. पाणी शिरतं खालच्या कडेनं. काच थोडी उघडी ठेवायला व्हायझर चांगला, इथं त्याचा उपयोग नाही.

चिकोडी_तेवीस
तळाला ६ मिमीचं एक भोक ड्रिलनं पाडा, पाच मिनिटांत काम होतं.

लाल_माती
अण्णा, ड्रिल नको. कापलेल्या कडेवर प्रायमर उरत नाही, आणि तळाची घडी तिथूनच गंजायला लागते. कंपनीनं दिलेली भोकं मोकळी करा. दरवाजा पूर्ण उघडा, खाली बसून तळाची कड बघा. सहसा दोन ते चार लांबट फटी असतात, काही गाड्यांत त्यांवर रबराची झडप असते. नायलॉनचा केबल टाय आत घालून हळू फिरवा. स्क्रू ड्रायव्हर किंवा तार नको, आतला रंग खरवडतो. खानापूरकडची लाल माती आणि वाळकी पानं मिळून तिथं चिखलाचा गोळा होतो.

चिकोडी_तेवीस
तुमची लाल माती पाण्यानं निघून तरी जाते. आमच्याकडची काळी एकदा वाळली की दगड. ती कोरडी असताना टोचू नका, अर्धा तास पाण्यात भिजू द्या, मग निघते.

जांबोटी_रोड
भोकंच दिसत नाहीत. सगळीकडं काळं रबरासारखं आहे.

लाल_माती
खालून अँटी-रस्ट कोटिंग मारलंय काय?

जांबोटी_रोड
मे महिन्यात मारून घेतलं. दरवाज्याच्या खालच्या कडेला पण मारलं त्यांनी. ते आधी सांगायला पाहिजे होतं काय?

लाल_माती
तेच तर कारण. मारायच्या आधी भोकांवर मास्किंग टेप लावायला पाहिजे होती. आता बाजूच्या दरवाज्याची भोकं बघून जागा ओळखा, तिथलं कोटिंग लाकडी काडीनं कोरून काढा. बाकी तीन दरवाजेही आजच तपासा. खाली बादली ठेवा, पाणी एकदम येतं.

निपाणी_वायरमन
काच पाच-दहा मिनिटांनी चालते म्हणजे मोटर मेलेली नाही. मोटरच्या आत गरम झालं की सप्लाय तोडणारा भाग असतो, थंड झाला की परत जोडतो. मोटरवर जोर येतोय म्हणून ती गरम होते. काचेच्या दोन्ही बाजूच्या रबरी खाचांत माती बसलीय, नाहीतर विंडो मशीनची, म्हणजे काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेची, पट्टी कोरडी पडलीय. खाचा ओल्या फडक्यानं पुसून, वाळवून सिलिकॉन स्प्रे मारा (हे वंगण, फट बुजवायचं सिलिकॉन नव्हे). विंडो मशीनच्या पट्टीला पांढरं लिथियम ग्रीस. रबराला ग्रीस लावू नका, त्याला माती चिकटते.

आणि एक विचारतो, दरवाज्यातले स्पीकर कंपनीचेच आहेत काय?

जांबोटी_रोड
नाही, बाहेरून बसवलेत. दोन वर्षं झाली.

निपाणी_वायरमन
बघा की. स्पीकरसाठी बहुतेक वेळा ब्लेडनं शीट कापतात आणि तसंच सोडतात.

टिळकवाडी_ऑडिओ
चांगला फिटर कापत नाही. स्पीकरच्या मागं फोमचा बॅफल लावतात, त्या कपाचा खालचा भाग थोडा कापतात, म्हणजे पाणी वरून घसरतं आणि आवाज पण कोंडत नाही.

निपाणी_वायरमन
बॅफल स्पीकर वाचवतो, कार्पेट नाही. शीट पाहिजेच.

जांबोटी_रोड
डोअर पॅड घरी निघतं काय? तोडफोड नको.

उद्यमबागवाला
निघतं. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. साइड एअरबॅग असेल तर काही गाड्यांत दरवाज्याच्या आतच दाब ओळखणारा सेन्सर असतो, शीट सुटलं तर त्याच्या कामावर परिणाम होतो. त्याचा प्लग काढलेला असताना चावी ऑन करायची नाही.

स्क्रू सहसा तीन ठिकाणी: आतल्या हँडलच्या कपात, आर्मरेस्टच्या खोबणीत, आरशाच्या तिकोनी कव्हरच्या मागं. मग प्लास्टिकच्या पट्टीनं खालून क्लिपा सोडवत या, शेवटी पॅड सरळ वर उचला. ओढू नका, मागं स्विचचे प्लग आणि हँडलची केबल असते. चार-पाच क्लिपा जादा आणून ठेवा, जुन्या तुटतात.

शीट फाटलं असेल तर पॉलीहाऊसचा २०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद घ्या, जुनं शीट साचा म्हणून ठेवून कापा. चिकटवायला ब्यूटाईल टेप, म्हणजे न वाळणारी चिकट रबरी पट्टी. हार्डवेअरचं व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्यातलं ॲसिड पत्रा आणि टर्मिनल खातं.

चिकोडी_तेवीस
फेविबाँडनं पण बसतं.

उद्यमबागवाला
बसतं, पण पुढच्या वेळी पॅड खोललं की शीट फाटूनच निघतं. ब्यूटाईल सुटतं आणि परत चिकटतं. फक्त पत्रा अगदी कोरडा आणि स्वच्छ पाहिजे, या हवेत हेअर ड्रायर फिरवल्याशिवाय धरत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, शीटची खालची कड. ती पत्र्यावर बाहेरून चिकटवायची नाही. पत्र्यात खाली आडवी फट असते, कड तिच्यातून आत सोडायची, म्हणजे शीटवरचं पाणी परत दरवाज्यात पडतं. बाहेरून चिकटवली की तेच पाणी उंबऱ्यावरून कार्पेटखाली जातं.

निपाणी_वायरमन
वायर शीटमधून जाते तिथं तिला आधी थोडा खाली झोल द्या. पाणी झोलाच्या तळातून ठिबकतं, कनेक्टरपर्यंत चढत नाही. कनेक्टरवर हिरवट गंज दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, मग डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस. सेंट्रल लॉकची मोटर बघताना दांड्यांच्या प्लास्टिक क्लिपा फिरवून सोडवा, ओढून नाही. दरवाजा आणि बॉडीच्या मधली रबरी नळी सुटली असेल तर ती पण बसवा.

कॅम्प_रहिवासी
हेडलाईटमध्ये धुकं येत असेल तर मागचं रबरी टोपण नीट बसवा, आणि श्वास घ्यायची नळी चुकूनही बंद करू नका.

लाल_माती
त्यांनी हेडलाईटचं विचारलेलं नाही ओ.

जांबोटी_रोड
आज केलं. ड्रायव्हरच्या दरवाज्यातून जवळजवळ अर्धी बादली पाणी निघालं. शीटला स्पीकरभोवती हातभर चीर होती, खालची कड बाहेरच चिकटवलेली होती. नवीन शीट लावलं, कड फटीतून आत घातली. काच आता वर जाते. पण आधी एकदा दाबलं की पूर्ण वर जायची, आता दाबून धरावं लागतं. मोटर गेली काय?

निपाणी_वायरमन
नाही, बॅटरी काढल्यामुळं ती सवय विसरते. काच पूर्ण वर करून बटण चार-पाच सेकंद दाबूनच ठेवा, बहुतेक गाड्यांत एवढ्यानं परत येतं. कार्पेट उचलून खालचा फोम पण वाळवा, त्याच्याखाली वायरिंग असतं.

लाल_माती
पॅड लावायच्या आधी मगानं काचेच्या रबरावर हळू पाणी ओता आणि उंबऱ्यावर वर्तमानपत्र ठेवा. कागद कोरडा राहिला तर पॅड लावा. खालून पाणी येतंय ना तेही बघा.

जांबोटी_रोड
कागद कोरडा. तिन्ही भोकांतून पाणी येतंय. पॅड लावतो.