चार केंद्रांची कमान आखताना अडलोय, मदत हवी आहे

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या इंग्लिश चर्चमध्ये जी बसकी, टोकदार कमान दिसते (केंब्रिजचं किंग्ज कॉलेज चॅपेल आठवा), ती मला कर्कटक आणि पट्टी एवढ्यावरच काढायची आहे. संगणकावर जमतं, पण वर्गात फळ्यावर दाखवायची असल्याने आकडेमोड नको.

समभुज कमान सोपी: दोन्ही केंद्रं गाळ्याच्या (कमानीच्या रुंदीच्या) टोकांवर आणि त्रिज्या गाळ्याएवढी. केंद्रं बाहेर सरकवली की उंच, निमुळती कमान मिळते. इथवर अडचण नाही.

चार केंद्रांसाठी (दोन्ही बाजूंना खाली एक छोटा आणि वर एक मोठा कंस) मी गाळ्याचे चार समान भाग केले. पाव आणि पाऊण बिंदूंवर छोट्या कंसांची केंद्रं घेतली, त्यांच्यामधल्या अंतरावर खाली चौरस काढला आणि त्याचे खालचे कोपरे मोठ्या कंसांची केंद्रं धरले. कंस सफाईने जुळतात, कारण दोन्ही केंद्रं आणि सांध्याचा बिंदू एकाच रेषेत येतात. पण उंची गाळ्याच्या साधारण 0.42 पटच येते. मला एक तृतीयांश हवी आहे.

छोटी त्रिज्या तीच ठेवून सांध्याचा कोन (त्या रेषेचा गाळ्याशी होणारा कोन) बदलला, तर त्या उंचीच्या अनेक कमानी निघतात आणि प्रत्येकीचा खांदा वेगळा दिसतो. फोटोवरून मोजणं बेभरवशाचं, खालून घेतलेल्या फोटोत उंची दबते.

इंग्लंडमधल्या यॉर्क आणि वेल्स या शहरांच्या कॅथेड्रलमध्ये गवंड्यांच्या आखणीच्या जमिनी (ज्यांवर ते आराखडे काढत) अजून शिल्लक आहेत, म्हणजे ते पूर्ण मापात रेघा मारूनच काम करत. मग गाळा आणि उंची ठरलेली असताना ते आधी काय पक्कं करत, छोटी त्रिज्या की सांध्याचा कोन? आणि त्यावरून खालचं केंद्र नुसत्या कर्कटकाने कसं शोधायचं?