‘भुकेची गोळी’ कुठली?

टिळकवाडीकर:
परवा खडेबाजारात औषधाच्या दुकानात उभा होतो. पुढं एक काकू. “भुकेची गोळी द्या की.” पोरानं विचारलं, “लेकराला काय?” आणि सायप्रोहेप्टाडिनचं सिरप काढून ठेवलं. काकूंना तर वजन उतरवायचं होतं! हे औषध उलट भूक वाढवतं. माझ्या मते घोळ ‘ची’ प्रत्ययाचा. तापाची गोळी ताप घालवते, झोपेची झोप आणते. नको ते घालवायचं, हवं ते आणायचं. भूक आपल्याकडं आजवर हवीशीच, म्हणून भुकेचं औषध म्हणजे भूक लावणारं. मग भूक कमी करणाऱ्याला काय म्हणायचं? ‘क्षुधाशामक’ चालेल?

खानापूरची सून:
क्षुधाशामक म्हणजे झुणका-भाकरी हो! शमणं म्हणजे भागणं. आमच्यात ‘भूक मारायची गोळी’ म्हणतात. पण ‘भूक मेलीया’ असं सासूबाई म्हणाल्या की आम्ही त्यांना दवाखान्यात नेतो, म्हणून तेही कानाला खटकतं.

निपाणीची नर्स:
एका शब्दात सगळी औषधं कोंबू नका. फेंटरमिनला ‘मारणं’ शोभतं. ते मेंदूतच भूक दाबतं. अमेरिकेत 1959 पासून आहे, तेही थोड्या आठवड्यांपुरतंच. छाती धडधडते, झोप उडते, रक्तदाब चढतो. हृदयविकार, काचबिंदू, वाढलेलं थायरॉइड किंवा गरोदरपण असेल तर ते घ्यायचंच नाही. सेमाग्लुटाइडचं काम वेगळं. वजनासाठी आठवड्याला एक इंजेक्शन, 0.25 मिलिग्रॅमपासून सुरुवात, चार-चार आठवड्यांनी डोस वाढवत जायचा. भूक कमी लागते, शिवाय पोट सावकाश रिकामं होतं. अर्ध्या भाकरीतच पेशंट म्हणतात, “गच्च झालं.” मळमळ होतेच, पण पोटात जोराची कळ येऊन थांबेना झाली तर थेट डॉक्टर गाठायचा, स्वादुपिंडाला सूज असू शकते. आणि सिब्युट्रामिन, तेही भूक दाबणारंच औषध, हृदयाच्या धोक्यामुळं भारतात 2011 पासून बंद आहे. ‘हर्बल’ म्हणून विकलेल्या गोळ्यांतही ते सापडलंय, तेव्हा नुसत्या लेबलावर जाऊ नका.

चिकोडीकर:
आमचे शेजारी कन्नडमध्ये “हसिवु कडिमे माडो गुळिगे” म्हणतात. भूक कमी करायची गोळी. मारामारी नाही, शमन नाही!

टिळकवाडीकर:
झकास. पण चार शब्द झाले. ‘भूकमोडी गोळी’ कशी वाटते?

खानापूरची सून:
भूकमोड जेवणाची वेळ टळली तरी होते, नाहीतर चहाबरोबर मूठभर चिरमुरे खाल्ले तरी. त्याला डॉक्टर कशाला?

निपाणीची नर्स:
तेच तर. एवढा साधा शब्द दिला की लोक शेजारणीची पट्टी मागून खातील. कन्नडवालंच बरं. आणि दुकानात शब्द बोलूच नका, चिठ्ठी पुढं करा. काकूंना काय मिळालं शेवटी?

टिळकवाडीकर:
काही नाही. पोरानं चिठ्ठी मागितली, तर म्हणाल्या, “आणतो की उद्या,” आणि मिठाईच्या दुकानात कुंदा घ्यायला गेल्या.