मुदत संपली की जागा सोडावीच लागते
'मालक करार वाढवत नसला तरी भाडं भरत राहा, कोणी काढू शकत नाही' असा सल्ला भाड्याने राहणाऱ्यांना दिला जातो, तो कृपया मानू नका. आपला अकरा महिन्यांचा करार म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी. पागडीवाल्या (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन कायम राहणाऱ्या जुन्या) भाडेकरूचं संरक्षण त्याला नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे मुदतीनंतर राहिलात तर दुप्पट भाडं अंगावर येतं.

त्यापेक्षा डिपॉझिट सांभाळा. पुण्यात बेडरूममधला ओलीचा जुना डाग माझ्या माथी मारून मालकांनी चार महिने पैसे अडकवले होते. घर रिकामं झाल्यावर भिंती, नळ, गीझर यांचा व्हिडिओ काढा, वीजबिल भरल्याची पावती ठेवा, आणि किल्ली-डिपॉझिटची देवाणघेवाण एकाच बैठकीत, सह्या घेऊनच करा.