मदत हवी आहे: खेड्यातून चालणाऱ्या मराठी शेतीविषयक संकेतस्थळासाठी कोणती ऑनलाइन साधने खरोखर उपयोगी पडतात?

नमस्कार.

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातून आम्ही तिघे जण कापूस, सोयाबीन, तूर आणि हळद या पिकांविषयी एक मराठी संकेतस्थळ चालवतो. संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळे बांधण्याच्या प्रणालीवर आहे आणि होस्टिंग, म्हणजे ते ठेवण्याची सर्व्हरवरची जागा, स्वस्तातले, सामायिक स्वरूपाचे आहे. त्यावरच परिसरातल्या महिला बचत गटांच्या वायगाव हळदीच्या विक्रीचे एक पान आहे. या हळदीला भौगोलिक मानांकन असल्यामुळे बाहेरगावचे ग्राहक तिचे नाव टंकून शोधत येतात, आणि म्हणूनच ते पान शोधात वर दिसणे हा आमच्यासाठी केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही.

ब्लॉगर, संकेतस्थळ सांभाळणारे आणि डिजिटल मार्केटिंग करणारे यांच्यासाठी उपयुक्त साधनांच्या लांबलचक याद्या आम्ही पुष्कळ वाचल्या. त्यांतली बहुतेक साधने इंग्रजी मजकूर, डॉलरमध्ये भरायची मासिक वर्गणी आणि अखंड इंटरनेट गृहीत धरून सुचवलेली असतात. आमचा वाचक त्या चौकटीत बसत नाही. रब्बीत थ्री फेज लाइन रात्रीची असली की तो ओलितासाठी वावरात असतो, तिथे जेमतेम दोन काड्यांच्या नेटवर्कवर स्वस्तातल्या मोबाइलमध्ये आमचा लेख उघडतो, आणि पान लवकर उघडले नाही तर परत येत नाही. तेव्हा नवी यादी नको आहे. मराठी मजकुरासाठी ज्यांचा आपण स्वतः उपयोग केला आहे अशी मोजकी आणि शक्यतो विनामूल्य साधने हवी आहेत. अडचणी पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली अडचण शब्दांची. कपाशीवरच्या लाल्याविषयी (पाने लाल पडण्याच्या विकृतीविषयी) आमचा सविस्तर लेख आहे, परंतु गूगल शोधात आपले पान कोणत्या शब्दांना दिसले ते सांगणाऱ्या गूगल सर्च कन्सोलमधल्या शोधशब्दांकडे पाहिले तर लोक ‘पऱ्हाटी लाल पडणे’, ‘कापूस पाने लाल उपाय’ असे टंकतात (पऱ्हाटी म्हणजे कपाशीचे झाड), आणि काही जण हेच रोमन लिपीत लिहितात. शेतकऱ्यांचे असे शब्द आधीच कळावेत यासाठी मराठीत काम करणारे साधन कोणते? इंग्रजीसाठी प्रसिद्ध असलेली दोन-तीन साधने पाहिली. मराठी शब्द दिला की ती शून्य दाखवतात.

दुसरी अडचण पत्त्यांची. लेखाचे शीर्षक मराठीत असले की दुवा व्हॉट्सॲपवर टक्क्यांची चिन्हे आणि आकडे यांची हातभर लांब माळ होऊन उमटतो, आणि पुष्कळदा अर्ध्यावरच तुटलेला असतो. पाहणाऱ्याला ती फसवणुकीची लिंक वाटते.

तिसरी अडचण मोजमापाची. आमचे वाचक प्रामुख्याने व्हॉट्सॲपच्या गटांतून येतात असा आमचा समज आहे, पण भेटी मोजणारे गूगल ॲनालिटिक्स त्यांना ‘थेट आलेले’ म्हणून दाखवते. कोणत्या गटात टाकलेला दुवा वाचला गेला, हे कळण्याचा मार्ग आहे का?

चौथी अडचण थोडी नाजूक आहे. संकेतस्थळ ज्यांनी बांधून दिले त्यांनी डोमेन (संकेतस्थळाचे नाव) स्वतःच्या नावावर घेतले आणि आता ते फोन उचलत नाहीत. नूतनीकरणाची तारीख जवळ येत आहे. मजकूर तरी वाचवता येईल का?

ही पहिली दोन कामे मार्गी लागली तरी पुष्कळ आहे. नागपुरातल्या एखाद्या संस्थेकडे जाऊन पैसे मोजा, हा सल्ला कृपया देऊ नये. तो मिळालेला आहे.

प्रतिसाद (दर्यापूर, जि. अमरावती)

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडेच आहे, असे माझे मत आहे. लहान प्रादेशिक संकेतस्थळासाठी सर्च कन्सोलइतके चांगले शब्दसाधन मला दुसरे आढळलेले नाही, कारण त्यात अंदाज नसतो, प्रत्यक्ष लोकांनी टंकलेले शब्द असतात. त्यात १६ महिन्यांपर्यंतची माहिती मिळते, म्हणजे मागच्या खरिपात कोणत्या आठवड्यात काय विचारले गेले हे या खरिपाच्या आधी पाहता येते. मी करतो ते असे: एक लेख निवडायचा, त्याला दिसलेले सर्व शोधशब्द काढायचे, आणि ज्या शब्दांना पाने दाखवली गेली पण क्लिक मिळाले नाहीत तेवढेच वेगळे करायचे. ‘पऱ्हाटी’ त्यात असेल तर तो शब्द लेखाच्या पहिल्या परिच्छेदात आणि एका उपशीर्षकात सहज बसेल असा आणावा. अतिशय विरळ शोध गोपनीयतेसाठी त्यात दाखवले जात नाहीत, म्हणून यादी अपुरी वाटली तर नवल नाही.

कोणता शब्द किती शोधला जातो ते दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्समध्ये महाराष्ट्र निवडून पाच शब्दांची एकाच वेळी तुलना करता येते. ‘बोंडअळी’ की ‘बोंड अळी’ असा प्रश्न तिथे सुटतो; मात्र फार स्थानिक शब्दांना तिथे पुरेशी माहिती मिळत नाही. गूगल ॲड्समधला (गूगलच्या जाहिरात सेवेतला) कीवर्ड प्लॅनर हे शोधशब्दांचे साधन मराठी समजते, पण जाहिरातीवर खर्च न करणाऱ्या खात्याला नेमक्या आकड्यांऐवजी ढोबळ पल्ला दाखवते. तेवढ्यावरही काम भागते.

इथे ‘पऱ्हाटी’ याच शब्दाविषयी एक बाब मुद्दाम सांगतो, कारण ती सहसा कुणी तपासत नाही. या शब्दातला ऱ् संगणकात दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो. एका प्रकारात नुक्त्याचा स्वतंत्र ऱ आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ॲ या अक्षराचेही तसेच आहे: २००८ साली युनिकोड या संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक प्रमाणाच्या ५.१ आवृत्तीत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले, तरी कित्येक कळफलक अजून अ पुढे चंद्र जोडूनच ते उमटवतात. तिघांनी तीन कळफलकांवर टंकलेले लेख असतील तर संकेतस्थळाच्या आतला शोध चुकू शकतो. तिघांनीही एकच कळफलक ठरवावा, शक्यतो इनस्क्रिप्ट हा भारतीय लिपींचा प्रमाण कळफलक, आणि जुन्या लेखांत शोधा-बदला करून एकसारखेपणा आणावा. जुने लेख कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमधून आलेले असतील, तर रूपांतरानंतर र आणि रफार डोळ्यांत तेल घालून तपासावेत.

आता दुसरा प्रश्न. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइटांचे असते आणि पत्त्यात प्रत्येक बाइटची टक्क्याच्या चिन्हासह ३, अशी त्याची ९ अक्षरे होतात. काना, मात्रा, वेलांटी यांचीही स्वतंत्र ९ अक्षरे धरावी लागतात. वर्डप्रेस लेखाच्या पत्त्यासाठी २०० अक्षरेच राखून ठेवते, म्हणजे जेमतेम २२ चिन्हे बसतात. ‘कपाशीवरील’ या एकाच शब्दात ९ चिन्हे आहेत. दोन-अडीच शब्दांत पत्ता कापला जातो तो यामुळेच. यावर सरळ उपाय एकच: शीर्षक मराठीत ठेवावे आणि पत्ता लहान, रोमन लिपीत हाताने लिहावा. आधीच प्रसिद्ध झालेल्या लेखांचे पत्ते बदलायचे असतील तर प्रत्येकासाठी ३०१ प्रकारचे कायमचे पुनर्निर्देशन (जुन्या पत्त्यावरून आपोआप नव्यावर नेणारी सोय) द्यावे, अन्यथा गटांत फिरणारे जुने दुवे मरतील. ‘रिडायरेक्शन’ नावाचे विनामूल्य प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा पूरक भाग) त्यासाठी पुरेसे आहे. चांगले वाचले जाणारे जुने लेख मात्र मी तरी तसेच राहू देईन.

प्रतिसाद (ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मी वेग, मोजमाप आणि डोमेन यांविषयी लिहिते.

वेगासाठी पेजस्पीड इनसाइट्स हे गूगलचे तपासणीचे साधन वापरावे आणि त्यातला मोबाइलचाच निकाल पाहावा. पानावरचा सर्वांत मोठा भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, स्पर्शाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत मिळावा आणि मजकुराच्या हलण्याचा निर्देशांक ०.१ पेक्षा कमी असावा, हे तीन निकष आहेत. त्यातला प्रतिसादाचा निकष मार्च २०२४ मध्ये जुन्या निकषाच्या जागी आला, म्हणून त्याआधीचे लेख वाचून गोंधळू नये. आपली भेटींची संख्या कमी असेल तर प्रत्यक्ष वापरकर्त्यांची माहिती तिथे दिसणार नाही आणि केवळ चाचणीचा निकाल मिळेल. एकूण गुणांच्या आकड्यामागे लागण्यात अर्थ नाही. कोणती फाइल जड आहे ते पाहावे.

मराठी संकेतस्थळांवर ही जड फाइल बहुधा फॉन्टची निघते. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्ट रोमन फॉन्टपेक्षा मोठा असतो, आणि हौसेने त्याच्या चार-पाच जाड्या एकदम जोडलेल्या असतात. अँड्रॉइड मोबाइलमध्ये देवनागरी फॉन्ट मुळातच असतो, म्हणून मुख्य मजकुरासाठी वेगळा फॉन्ट उतरवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शीर्षकांना देखणेपण हवेच असेल तर मुक्तासारखा मुक्त परवान्याचा फॉन्ट एकाच जाडीत घ्यावा. त्यानंतर छायाचित्रे. स्क्वूश हे साधन ब्राउझरमध्येच चालते, छायाचित्र कुठेही पाठवत नाही आणि मोबाइलने काढलेला अनेक एमबींचा हळदीचा फोटो नजरेला फरक न जाणवता शंभर-दीडशे केबींवर आणून देते.

मोजमापाविषयी: व्हॉट्सॲपमधून आलेली भेट ॲनालिटिक्सला सहसा ओळखता येत नाही, म्हणून दुव्याला यूटीएम खुणा, म्हणजे भेट कुठून आली ते सांगणारे शब्द, जोडाव्या लागतात. गूगलचे कॅम्पेन यूआरएल बिल्डर हे विनामूल्य पान त्या जोडून देते. माध्यम म्हणून व्हॉट्सॲप आणि मोहीम म्हणून गटाचे टोपणनाव लिहिले की कोणत्या गटातून किती जण आले हे वेगवेगळे दिसते. नावांची एक वही ठेवावी, कारण एकाच गटाला दोन प्रकारे लिहिले की आकडे फुटतात. शिवाय ॲनालिटिक्सच्या चौथ्या आवृत्तीत सविस्तर विश्लेषणासाठीची माहिती मुळात २ महिनेच राखली जाते; ती मुदत सेटिंगमध्ये जाऊन १४ महिने करून घ्यावी. हंगामाची हंगामाशी तुलना करायची तर हे आजच करण्यासारखे आहे.

डोमेनबाबत आधी हूइजची (डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीतली) नोंद पाहून ते कोणत्या नोंदणीदाराकडे आहे ते शोधावे. त्या व्यक्तीकडून डोमेनचे कुलूप काढून हस्तांतरणाचा संकेतांक मिळाला तर काम सोपे आहे. फोन लागत नसेल तर मागणी लेखी, ईमेलने करावी. पैसे दिल्याच्या पावत्या जपाव्यात. मजकुराची प्रत मात्र याची वाट न पाहता लगेच घ्यावी. वर्डप्रेसच्या साधनांतून निर्यात केली की लेख एका फाइलमध्ये येतात. छायाचित्रे त्यात येत नाहीत, ती अपलोड्स फोल्डरमधून वेगळी उतरवावी लागतात. प्रवेशच बंद झाला तर इंटरनेट आर्काइव्हचे वेबॅक मशीन (जुन्या पानांच्या प्रती जपणारे संकेतस्थळ) पाहावे, आणि तिथे महत्त्वाची पाने आजच स्वतः जतन करून ठेवावीत. नवे डोमेन घ्यावे लागले तर ते तिघांपैकी एकाच्या नावावर आणि सर्वांना ठाऊक असलेल्या ईमेलवर घ्यावे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पत्ता २२ चिन्हांतच का तुटतो याचे कारण आजवर कुणी सांगितले नव्हते. मजकुराची निर्यात केली आहे, छायाचित्रे उतरवणे चालू आहे. लाइन टिकली तर आज पूर्ण होईल.

यातूनच दोन प्रश्न उरतात. हिंगणघाट बाजार समितीतले कापूस-सोयाबीनचे भाव आम्ही रोज हाताने टंकतो. ते आपोआप घेता येतील का? आणि एका जाहिरात कंपनीने महिन्याला शेकडो ‘तयार मराठी लेख’ देऊ केले आहेत. नमुना वाचला, भाषांतर यंत्राचे आहे हे पहिल्या दोन ओळींतच कळते. तरीही संख्येने शोधात फायदा होतो, असा त्यांचा दावा आहे.

प्रतिसाद (दर्यापूर, जि. अमरावती)

ते लेख घेऊ नयेत. मूल्य न वाढवता केवळ शोधातला क्रमांक मिळवण्यासाठी ढिगाने तयार केलेला मजकूर गूगलने मार्च २०२४ पासून स्पष्टपणे आपल्या स्पॅम धोरणात घातला आहे, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने. आपला लाल्याचा लेखही त्यात ओढला जाईल.

भावांसाठी भारत सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर नोंदणी करून विनामूल्य एपीआय किल्ली (माहिती आपोआप मागवण्यासाठीचा संकेतांक) घ्यावी. अ‍ॅगमार्कनेट या सरकारी बाजारभावांच्या संकेतस्थळावरचे दैनंदिन बाजारभाव तिथे राज्य, जिल्हा, बाजार आणि शेतमाल यांनुसार गाळून मिळतात आणि स्रोताचा उल्लेख करून वापरता येतात. आपल्या होस्टिंगवर क्रॉनची (ठरलेल्या वेळी काम आपोआप चालवण्याची) सोय असेल तर दिवसातून दोनदा माहिती उतरवून स्वतःकडे साठवावी. वाचकाच्या प्रत्येक भेटीला ती नव्याने मागवली तर पान पुन्हा जड होईल. एखाद्या दिवशी समितीकडून आकडे चढलेच नाहीत तर आदल्या दिवसाचा भाव त्याच्या तारखेसह दाखवावा, तारखेशिवाय कधीही नको. क्रॉनसाठी लागणारी छोटी आज्ञावली माझ्याकडे आहे, ती उद्या याच धाग्यात देतो.